घरी वाढवलेली धिंगरी आणि रेशी: वाढवायची कशी, आणि औषध म्हणून कितपत

रानजाई (धागाकर्ती)

धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) धाग्यावर, म्हणजे या मंचावरच्या आधीच्या चर्चेत, बऱ्याच जणांनी रेशीबद्दल विचारलं होतं. तिथे ते अवांतर होत होतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मी भोर तालुक्यात घरामागच्या दोन खोल्यांत अळिंबी घेते. एकीत धिंगरी, दुसरीत मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत रेशी, म्हणजे गॅनोडर्मा. औषधी अळिंबी म्हटलं की लोक थेट रेशी, कॉर्डिसेप्स, लायन्स मेन या नावांवर जातात. माझं सांगणं असं, की सुरुवात धिंगरीपासूनच करा, आणि ती निव्वळ सोपी आहे म्हणून नव्हे. रेशीतल्या ज्या बीटा-ग्लुकॅनचा, म्हणजे एका प्रकारच्या तंतूचा, एवढा बोलबाला आहे ते धिंगरीतही असतं. कोलेस्टेरॉल उतरवणारं लोव्हास्टॅटिन १९८७ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. तेही धिंगरीत नैसर्गिकरीत्या आढळतं. जात आणि वाढवण्याची पद्धत बदलली की त्याचं प्रमाण खूप बदलतं, तेव्हा गोळी बंद करून धिंगरी खाऊ असा हिशेब कृपया कुणी मांडू नका. पण चरबी आणि सोडियम अगदी कमी, तंतू भरपूर, आणि ती ताटात भाजी म्हणून येते, चमच्याने मोजून घ्यावी लागत नाही.

अजून एक गोष्ट, जी फारच थोडे लोक करतात. तोडलेली धिंगरी शिजवण्याआधी खालची पापुद्र्यांची बाजू वर करून दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवा. अळिंबीत एर्गोस्टेरॉल असतं, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड २ जीवनसत्त्व होतं. शाकाहारी घरात ड जीवनसत्त्व देणारे पदार्थ मोजकेच, त्यात हा फुकटचा.

आता कृती. गव्हाचं काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचं कुटार, यातलं काहीही चालतं. फक्त यंदाचं आणि पावसात न भिजलेलं हवं. दोन-तीन इंचांचे तुकडे करून रात्रभर भिजवा. पुढचं काम निर्जंतुकीकरणाचं. बऱ्याच पुस्तिकांत १०० लिटर पाण्याला ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मालिन असं प्रमाण दिलेलं असतं. मोठ्या प्रमाणावर करणारे ते वापरतात. आपण घरी खायला, त्यातही तब्येतीसाठी म्हणून खायला पिकवतोय, तर मला ते पटत नाही. ८० अंशांच्या पाण्यात काड तासभर बुडवून ठेवलं की भागतं.

मग काड जाळीवर पसरून निथळवायचं आणि ओल हाताने बघायची. मूठभर काड घेऊन जीव खाऊन पिळा. तळहात ओला झाला पाहिजे, बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तरी हरकत नाही. धार लागली तर अजून थांबा. पिशव्या आंबतात आणि त्यांना वास मारतो तो बहुतेक वेळा इथली घाई झाल्यामुळे. ओल्या काडाच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, पिशवीत थरावर थर देऊन भरायचं, पिशवीला भोकं पाडायची आणि अंधाऱ्या खोलीत ठेवायची. १५ ते २० दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते. मग उजेड, खेळती हवा, ८०-८५ टक्के आर्द्रता. पाणी भिंतींवर आणि जमिनीवर मारा, बारीक कोंबांवर नको. १ किलो कोरड्या काडामागे सगळ्या तोडण्या मिळून ५०० ते ८०० ग्रॅम ताजी धिंगरी निघते.

टोपीची कड वर वळायच्या आत तोड करा. उशीर झाला की बीजाणू खोलीभर पसरतात. धिंगरीच्या बीजाणूंनी फुप्फुसाला सूज येते, रोज त्या खोलीत काम करणाऱ्यांना खोकला, ताप, धाप असा त्रास होतो. मास्क लावल्याशिवाय आत जाऊ नका, आणि घरात दम्याचा पेशंट असेल तर ही खोली राहत्या घरापासून लांब हवी. तब्येतीसाठी पिकवायचं आणि त्यातच छाती घालवून बसायचं, हे होऊ देऊ नका.

रेशीचं पुढे लिहिते, आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

निळूभाऊ

ताई, सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. रेशीची कृतीही इथेच द्या. माझ्याकडे घरचा मोठा प्रेशर कुकर आहे आणि सुतारकामाचा भुसा फुकट मिळतो.

रानजाई

निळूभाऊ, भुसा कुठल्या लाकडाचा ते आधी विचारून घ्या. आंबा, सुबाभूळ असं रुंद पानांच्या झाडाचं लाकूड हवं. प्लायवुडचा किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा भुसा अजिबात नको, त्यातलं सगळं अळिंबीत उतरतं.

चार भाग भुसा, एक भाग गव्हाचा कोंडा, थोडं जिप्सम आणि चुनखडीची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ओल ६० ते ६५ टक्के. पिशवी पॉलिप्रॉपिलीनचीच घ्या, साधी पिशवी कुकरमध्ये वितळते. तोंडाला रिंग आणि कापसाचा बोळा. १५ पौंड दाबाला दीड-दोन तास. इथे काडासारखं गरम पाण्यावर भागत नाही, कारण कोंडा पौष्टिक आणि हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, त्यावर तुटून पडते. स्पॉन भरताना पंखा बंद, खिडक्या बंद, शेजारी स्पिरिटचा दिवा.

आपल्याकडे रेशी का घ्यावी, तर तिला उष्णता आवडते. शिटाकेला १८-२० अंश लागतात, लायन्स मेनला त्याच्या जरा वर, कॉर्डिसेप्सला एसी खोली. रेशी २८ ते ३२ अंशांत खूश असते. पिशवी पांढरी व्हायला महिनाभर द्या, अंधारात. मग तोंड उघडा, आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, थोडा उजेड.

आणि आता तिची सगळ्यात मजेची गोष्ट. खोली कोंडलेली असेल, हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असेल, तर रेशीला टोपी येतच नाही. लाल-तपकिरी, चकचकीत शिंगं फुटत जातात, टोकं पांढरी. खिडकी उघडून हवा खेळती केली की तीच शिंगं टोकाला पसरायला लागतात आणि पंख्याच्या आकाराची टोपी धरते. कडेची पांढरी पट्टी आहे तोवर टोपी वाढते आहे. पट्टी तपकिरी झाली, वर कोकोसारखी भुकटी साठली, की काढणी. भरल्यापासून तीन-चार महिने जातात. काढल्यावर लगेच पातळ काप करा. वाळली की ती लाकूड होते, सुरीला दाद देत नाही. ५०-६० अंशांच्या आत वाळवा.

ती भाजीसारखी खाता येत नाही. काप मंद आचेवर तासभर तरी उकळून काढा करतात. अळिंबीच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या, आपल्याला त्या पचत नाहीत, म्हणून बीटा-ग्लुकॅन पाण्यात उतरवायला उकळणं लागतंच. कडूपणा ट्रायटर्पिन नावाच्या रसायनांचा, ती पाण्यात नीट उतरत नाहीत, अल्कोहोलमध्ये उतरतात. नुसती वाळलेली रेशी दळून दुधात घालून पिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

चिंतामणी_कुडाळ

आमच्या वाडीत नारळाच्या बुंध्याला पावसाळ्यात हीच चकचकीत अळंबी येते. ती चालेल का काढ्याला? दुसरं असं, की आमच्याकडे फणसोंबा हे पिढ्यान् पिढ्यांचं औषध आहे. फणसाच्या खोडावर येणारी ती कडक, तपकिरी अळंबी. आजी सहाणेवर पाण्यात उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावायची, फार लाळ गळत असेल तर किंवा तोंड आलं असेल तर.

रानजाई

चिंतामणीदादा, फणसोंब्याची आठवण काढलीत ते फार बरं झालं. ती फेलिनस कुळातली. चीन, जपान, कोरियात फेलिनसच्या इतर जातींवर बरंच काम झालंय, आणि आपल्या फणसोंब्याबद्दल पुण्यातल्या बुरशीतज्ज्ञांनी लिहिलेलं आहे. औषधी अळिंबी म्हणजे चीन-जपानची मक्तेदारी असं समजणाऱ्यांनी आपल्या कोकणातल्या सहाणा बघाव्यात. तुमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ही माहिती लिहून घ्या हो, कुठल्या झाडावरची घेतात, कुठली टाळतात, किती उगाळतात. हे कुठल्या पुस्तकात धड मिळत नाही.

नारळावरची मात्र घेऊ नका. एक तर गॅनोडर्माच्या जाती दिसायला सारख्या असतात. चीनमधली लागवडीची जात युरोपातल्या जातीपेक्षा वेगळी आहे हे २०१२ साली वर्गीकरणातून पुढे आलं आणि तिला गॅनोडर्मा लिंगझी नाव मिळालं. मग नारळावरची कुठली, हे नुसतं बघून कोण सांगणार? दुसरं, रानटी अळिंबी जमिनीतले जड धातू शोषून साठवते.

आणि तिसरं तुमच्या बागेसाठी. ती अळंबी दिसली म्हणजे झाडाला मूळकूज लागली आहे. तमिळनाडूत १९५२ साली तंजावर भागात या रोगाची नोंद झाली, म्हणून त्याला तंजावर मर असंही म्हणतात. तो जमिनीतून शेजारच्या झाडांना जातो. ते झाड आणि त्याचं आळं आजच वेगळं करा, कृषी विद्यापीठाच्या माणसाला दाखवा. कोकणात कुणी रेशी घेत असेल, तर वापरलेल्या पिशव्यांचा भुसा नारळी-पोफळीच्या बागेत खत म्हणून टाकू नका, जाळून टाका. धिंगरीचं उरलेलं काड खुशाल खतात घाला.

मुक्ता_एमडी

धागा चांगला चाललाय. मी फिजिशियन आहे, ओपीडीत रेशीची पावडर घेणारे पेशंट हल्ली नियमित दिसतात, म्हणून थोडं लिहिते.

रेशीवर माणसांत झालेल्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. हृदयविकाराच्या धोक्यांसाठी, म्हणजे मधुमेह, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, रेशी द्यावी का, याचा कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०१५ मध्ये आढावा घेतला. उपलब्ध पुरावा तिच्या बाजूने नाही असा निष्कर्ष निघाला. कॅन्सरवरच्या त्यांच्या आढाव्यात ५ चाचण्या होत्या. मुख्य उपचार म्हणून रेशीला आधार नाही, आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून विचार होऊ शकतो, एवढंच.

जपानचं उदाहरण सगळे देतात. ते खरं आहे, पण पूर्ण सांगितलं जात नाही. तिथे ट्रॅमेटिस जातीच्या अळिंबीपासून काढलेलं क्रेस्टिन १९७७ मध्ये मंजूर झालं, आणि शिटाकेतलं लेंटिनान पोटाच्या कॅन्सरसाठी इंजेक्शनने दिलं गेलं. दोन्ही शुद्ध केलेले अर्क, केमोथेरपीच्या सोबत, डॉक्टरांच्या देखरेखीत. डब्यातली पावडर आणि ते औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'इम्युनिटी वाढते' हे वाक्यही सगळ्यांसाठी चांगलं नसतं. किडनी बदललेल्या माणसाची प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम दाबून ठेवतो, आणि गंमत म्हणजे त्यासाठीचं सायक्लोस्पोरिन हे औषधही एका बुरशीतूनच आलं, नॉर्वेतल्या मातीतून. म्हणजे बुरशी दोन्ही दिशांना काम करते. अवयव प्रत्यारोपण झालेले, ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे) आजार असलेले, वॉर्फरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या घेणारे, लवकरच शस्त्रक्रिया ठरलेले, यांनी रेशी स्वतःच्या मनाने घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर जास्त उतरू शकते. रेशीची पावडर घेणाऱ्यांत यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चागा नावाची अळिंबी भरपूर खाणाऱ्यांच्या किडन्या त्यातल्या ऑक्झलेटमुळे निकामी झाल्या आहेत. शिटाके कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाल्ली तर अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसा पुरळ येतो. नीट शिजवली की बहुधा काही होत नाही.

घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आम्ही रागावत नाही. न सांगितलेलं जास्त महागात पडतं.

सायली_ठाणे

मी खूप दिवस फक्त वाचत असते, आज लिहिते आहे. बाबांना पोटाचा कॅन्सर आहे, केमो सुरू आहे. नात्यातल्या एकांनी रेशी आणि कॉर्डिसेप्सच्या पावडरचे डबे आणून दिले, बरेच महाग. त्यांचा हेतू चांगला आहे. बाबांनाही त्यात आशा वाटते आहे. मी 'नको' म्हटलं तर त्यांची आशा काढून घेतल्यासारखं होईल, या विचाराने झोप लागत नाही.

मुक्ता_एमडी

सायली, डबे घेऊन थेट त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टकडे, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञाकडे, जा. डब्यावरचं लेबल दाखव, चालू औषधांची यादी दाखव. केमोत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, यकृतावर आधीच ताण असतो, अशा वेळी डब्यात नक्की काय आहे हे माहीत नसलेली पावडर नको. 'नको' हे तू म्हणू नकोस, ते डॉक्टरांना म्हणू दे. बाबांना सांगायचं असेल तर एवढंच सांग, की केमो संपेपर्यंत थांबायचं आहे.

मृण्मयी_न्यूजर्सी

सायली, काळजी घे गं.

डब्यात काय असतं त्याबद्दल: इथे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ सप्लिमेंट तपासल्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेबलवर लिहिलं होतं तशी रेशी फक्त ५ मध्ये निघाली. बऱ्याच पावडरी धान्यावर वाढवलेलं मायसेलियम, म्हणजे बुरशीचं तंतूंचं जाळं, धान्यासकट दळून केलेल्या असतात. घरी बघायचं तर पावडर पाण्यात कालवून त्यावर आयोडीनचा थेंब टाका. गर्द निळं-काळं झालं तर त्यात स्टार्च भरपूर, म्हणजे बराचसा तांदूळ किंवा ज्वारीच. अळिंबीच्या फळात स्टार्च नसतो.

मी इथे किचनच्या खिडकीशी लायन्स मेनची तयार पिशवी वाढवते. पांढऱ्या लोंबत्या काट्यांचा गोळा येतो. बटरवर आधी कोरडी परतून मग मीठ, चव खेकड्याच्या जवळ जाते. स्मरणशक्तीसाठी म्हणतात त्यामागे २००९ ची एक जपानी चाचणी आहे: ५० ते ८० वयाचे ३० जण, सौम्य विस्मरण असलेले, रोज ३ ग्रॅम, १६ आठवडे. घेणाऱ्यांचे गुण सुधारले, बंद केल्यावर पुन्हा खाली आले. फक्त ३० जण, हे विसरू नये. आईला मी भाजी म्हणूनच देते.

पाटील_बारामती

कॉर्डिसेप्सचं नाव निघालंय तर शेतकरी म्हणून सांगतो. आमच्या भागात एक कंपनी आली होती. लॅब उभारून देतो, बियाणं देतो, माल आम्हीच घेऊ, करार करू. माझ्या चुलतभावाने कर्ज काढून खोली, एसी, काचेच्या बरण्या, सगळं केलं. माल आला तेव्हा 'दर्जा नाही' म्हणून उचलला नाही, आता फोनही लागत नाही. त्याच्या पोरांची फी भरायचे वांधे झालेत. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, आधी गिऱ्हाईक शोधा, मग बरणी विकत घ्या.

बरणीत तांदळावर जी नारिंगी येते ती कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. उत्तराखंडात पिठोरागडकडे धारचुला, मुनस्यारीच्या वर डोंगरात अळीच्या डोक्यातून उगवते ती कीडाजडी वेगळी जात. एकीचा भाव दाखवून दुसरीची लॅब विकतात.

शिकायचं असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे, प्रशिक्षणही देतात, स्पॉनही मिळतं. हिमाचलात सोलनला तर देशाचं अळिंबी संशोधन संचालनालयच आहे. आणि विकताना पाकिटावर 'कॅन्सर बरा, शुगर बरी' छापू नका. १९५४ च्या चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात हे दोन्ही आजार यादीत आहेत, गुन्हा दाखल होतो.

रानजाई

पाटीलदादा, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या भावाला म्हणावं, एसी खोली वाया नाही. त्या तापमानात शिटाके, बटण आणि लायन्स मेन होतात, आणि ताजा माल पुण्यातली हॉटेलं घेतात. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी ज्यांना माल देते त्यांच्याशी बोलते.

माझ्याकडच्या वाळलेल्या रेशीच्या पाकिटावर मी जातीचं नाव, कशावर वाढवली, काढणीचा महिना आणि कुणी घेऊ नये ते छापते. गिऱ्हाईक 'कशावर चालते' विचारतं तेव्हा मी डॉक्टरांकडे पाठवते. काही परत जातात. जाऊ देत.

बोरकर_फोंडा

गोव्यातून नमस्कार. आमची रोयणीची अळमी लागवडीत का येत नाही असं कुणीतरी मागे विचारलं होतं. ती टर्मिटोमायसिस, वारुळात वाळवी तिची शेती करते. वाळवीशिवाय तिला टोपी धरत नाही, त्यामुळे खोलीत पिशव्या भरून ती येणार नाही. बाजारात ती पानात बांधून विकायला येते आणि लोक वाटेल तो भाव देतात. त्यापायी वारुळं उकरली जातात. वारूळ मोडलं की तिथली अळमी संपली. खायची तर वरची खुडा, वारुळाला हात लावू नका, आणि ओळख पटल्याशिवाय रानातलं काहीही तोंडात घालू नका. आमच्याकडे शहरात वाढलेली पोरं हल्ली मोबाईलवर फोटो जुळवून अळमी खुडतात, भीती वाटते.

सायली_ठाणे

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी केमो संपेपर्यंत दोन्ही डबे बंद ठेवायला सांगितले, आणि बाबांना स्वतः पाच मिनिटं समजावलं. बाबा शांतपणे 'बरं' म्हणाले. नीट शिजवलेली धिंगरी चालेल असंही सांगितलं. तोंडाची चव गेली आहे, मसाला सहन होत नाही. रानजाई ताई, कशी करून देऊ?

रानजाई

सायली, धिंगरी धुऊन हाताने उभी फाड, देठाचा चिवट भाग काढ. अर्धा चमचा तुपावर जिरं, किसलेलं आलं अगदी थोडं, मग धिंगरी. आधी पाणी सुटेल, ते पूर्ण आटू दे. मग मुगाच्या डाळीचं वरण पातळ करून त्यात घाल आणि झाकण ठेवून पंधरा मिनिटं उकळ. तोंडात फोड आले असतील तर मिक्सरमधून काढून गाळून दे, लिंबू नको. मीठ बाबांनाच चाखून ठरवू दे. ताजी आणि त्याच दिवशी केलेली दे, फ्रिजमधलं गरम करून नको. तुमच्या ठाण्यात माझी मावसबहीण असते. दर शनिवारी माझा माल तिकडे जातो, पत्ता व्यनि कर, पाकीट पोचवते. पैशांचं नंतर.